बोलत्या इमारती, मुकी माणसे

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा कोणत्याही वाढत्या शहराच्या वेशीवरील मोठ्या बांधकामावर स्लॅब भरण्याचा दिवस असतो, तेव्हा तेथे अवघा भारत गोळा झालेला असतो. सळया बांधणारे बंगालचे किंवा ओडिशाचे, सेंटरिंगचे सुतार उत्तर प्रदेशाचे किंवा बिहारचे, घमेली वाहणाऱ्या बायाबापड्या तेलंगणातील किंवा मराठवाड्यातील, फरशी बसवणारे राजस्थानचे. त्यांच्यावर देखरेख करणारा साइट इंजिनिअर हा बहुधा एखाद्या तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकून, पदविका घेऊन आलेला तरुण. त्याच्या वर कंत्राटदार कंपनीचे प्रकल्प व्यवस्थापक, त्यांच्या वर सल्लागार, वास्तुविशारद, संरचना अभियंते आणि मालक. या साऱ्यांच्या माथ्यावर असतो इंग्रजीत लिहिलेला, शेकडो पानांचा करार.

राष्ट्रीय एकात्मतेचे याहून प्रत्यक्ष दर्शन क्वचितच घडेल. भाषणांतून नव्हे, तर घामातून घडणारी ही एकात्मता आहे. परंतु या चित्राकडे कौतुकाने पाहताना एक अवघड प्रश्न विचारला पाहिजे. या शेदोनशे माणसांपैकी एखाद्याला त्या दिवशी चूक दिसली, टेकू हललेला दिसला, सळई कमी पडलेली दिसली, तर ती सांगण्याचा अधिकार त्याला आहे काय? आणि त्याने ती कोणत्या भाषेत सांगावी? या प्रश्नाच्या उत्तरात बांधकाम व्यवसायातील सत्तेचे सारे रहस्य दडलेले आहे.

भाषेची उतरंड

जुन्या घरांतून मडक्यांची उतरंड असे. सर्वांत वरचे मडके लहान, आणि साऱ्यांचा भार सर्वांत खालच्या मडक्यावर. बांधकामाच्या जागी भाषांची अशीच उतरंड रचलेली दिसते. सर्वांत वर इंग्रजी: नकाशे, करार, पत्रव्यवहार, बैठकीचे इतिवृत्त आणि बिले यांची भाषा. त्याखाली हिंदी: हुकूम देण्याची आणि कामाला हाकारण्याची भाषा. त्याखाली मराठी: साइट इंजिनिअर आणि पर्यवेक्षक यांनी जेवणाच्या सुट्टीत आपसांत बोलायची भाषा. आणि तळाशी भोजपुरी, संथाळी, तेलुगू, उडिया, वडार बोली: कामगारांनी आपल्या झोपडीत, आपल्या सुखदुःखासाठी राखून ठेवलेल्या भाषा.

आश्चर्य असे की, ज्ञान मात्र या उतरंडीच्या क्रमाने वाटलेले नाही. ओळंबा कुठे चुकतो, पाणसळीत पाणी कसे दगा देते, गिलाव्याखालची भिंत ओली की कोरडी, परांचीचा बांबू सुकला की कुजला, हे ज्याला हाताने कळते तो गवंडी किंवा मिस्त्री उतरंडीच्या तळाशी आहे. धोकाही त्याच्याच वाट्याला आहे. निर्णय मात्र तेथे होतो, जेथे त्याची भाषा पोहोचत नाही. जाणणारा एक, बोलणारा दुसरा आणि सही करणारा तिसरा, अशी ही विभागणी आहे.

ही रचना आपोआप घडलेली नाही. १८४७ मध्ये गंगेच्या कालव्याच्या कामासाठी रुडकी येथे अभियांत्रिकीचे महाविद्यालय निघाले. तेथील वरच्या वर्गातून इंग्रजीत शिकलेले अभियंते बाहेर पडत. खालच्या वर्गात देशी तरुणांना मोजणी आणि नकाशाकाम देशी भाषेतून शिकवले जाई. सार्वजनिक बांधकाम खाते १८५४ मध्ये स्थापन झाले. त्याच वर्षी पुण्यात अभियांत्रिकीचा जो वर्ग सुरू झाला, त्याचा हेतू त्या खात्यासाठी दुय्यम अधिकारी तयार करणे हा होता. म्हणजे विचार करणाऱ्याची भाषा एक आणि राबणाऱ्याची दुसरी, हा आराखडा परकीय राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीसाठी आखला. राज्यकर्ते गेले. आराखडा राहिला. त्याच पुण्याच्या महाविद्यालयातून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्यासारखा अभियंता निर्माण झाला आणि १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर त्याने स्वयंचलित दरवाजे बसवून दाखवले. भारतीय बुद्धी कोठेही कमी नव्हती, याचा याहून वेगळा पुरावा नको. तरीही ज्ञान आणि श्रम यांच्यामधील भाषेची भिंत स्वातंत्र्यानंतरही आपण पाडली नाही. उलट ती अधिक गुळगुळीत केली.

कागदावरचे राज्य

या भिंतीचे स्वरूप समजून घ्यायचे तर बांधकामाचे कागद पाहावेत. सरकारी निविदांमध्ये एक वाक्यांश पानोपानी आढळतो: ‘प्रभारी अभियंत्याच्या निर्देशानुसार’. दिसायला निरुपद्रवी. परंतु काम कसे करायचे, किती करायचे, ते पुन्हा करायचे काय आणि त्याचे पैसे मिळणार काय, हे सारे या शब्दांच्या पोटात आहे. सल्लागार कंपन्यांनी त्याहून सूक्ष्म शब्द घडवले आहेत. कंत्राटदाराने पाठवलेल्या नकाशावर ‘मंजूर’ असा शिक्का न मारता ‘पाहिले’ असा शिक्का मारला जातो. काम बरोबर झाले तर श्रेय सल्लागाराचे. चुकले तर त्याने केवळ पाहिले होते, मंजूर कुठे केले होते? इंग्रजी मानकांत ‘शॅल’ म्हणजे केलेच पाहिजे आणि ‘शुड’ म्हणजे करणे इष्ट. या एका क्रियापदाच्या फरकावर लवादापुढे कोट्यवधी रुपयांचे वाद चालतात. ज्याला हा फरक कळतो, त्याच्या हाती काम न करताही सत्ता येते.

मोठ्या आंतरराष्ट्रीय कंत्राटांत ‘फिडिक’ या संस्थेचे नमुना करार वापरले जातात. तिच्या १९९९ च्या करारात एक कलम आहे. काही अडचणीमुळे मुदतवाढ किंवा जादा पैसे हवे असतील, तर त्या अडचणीची जाणीव झाल्यापासून २८ दिवसांच्या आत कंत्राटदाराने लेखी सूचना दिली पाहिजे. दिली नाही, तर हक्क बुडाला. त्याच करारात पत्रव्यवहाराची भाषा कोणती, हेही ठरवण्याची तरतूद आहे. आता आपल्या गावाकडचा एखादा मेहनती उपकंत्राटदार डोळ्यांपुढे आणावा. दगड लागला, पाणी लागले, नकाशा उशिरा आला, हे सारे त्याने साइटवर दहा वेळा तोंडाने सांगितले. साहेबांनी ऐकले, मान डोलावली, ‘बघू’ म्हटले. वर्षाअखेरीस बिल मांडले तेव्हा त्याला सांगण्यात आले की, तुमचे पत्रच नाही. उक्त्या कामात नफा तर राहोच, बायकोचे दागिने गहाण पडतात. त्याने काम चोख केले होते. तो हरला तो बांधकामात नव्हे, तर पत्रलेखनात.

मराठी माणूस धंद्यात का मागे पडतो, यावर आपल्याकडे परिसंवाद पुष्कळ होतात. भांडवल नाही, धाडस नाही, अशी कारणे दिली जातात. ज्या कागदावर आपण अंगठ्यासारखी सही करतो, तो कागद आपल्याला वाचून दाखवा, असे म्हणण्याचा संकोच हेही त्याचे एक कारण आहे. त्याकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही.

बैठकीतले मौन

संकोचाचा हाच रोग साइट इंजिनिअरच्या पिढीत अधिक खोल गेला आहे. आठवड्याची आढावा बैठक वातानुकूलित केबिनमध्ये भरते. बोलणे इंग्रजीत चालते. साइटवर प्रत्यक्ष काय घडते, हे त्या खोलीत सर्वांत जास्त ज्याला ठाऊक असते, तो पदविकाधारक तरुण टेबलाच्या टोकाला वही घेऊन गप्प बसलेला असतो. त्याला प्रश्न समजतो, उत्तरही येते. परंतु व्याकरण चुकेल, कोणी हसेल, या भयाने तो ‘येस सर’ एवढेच म्हणतो. स्लॅब अमुक तारखेला भरता येईल काय, या प्रश्नाचे खरे उत्तर ‘नाही’ असते. कारण खालच्या मजल्याचे टेकू अजून काढण्याजोगे झालेले नसतात. पण ‘नाही’ म्हटले की कारण सांगावे लागते, आणि कारण इंग्रजीत सांगावे लागते. ‘येस’ला कारण लागत नाही.

भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीने टेकू किती दिवस ठेवावेत, हे नेमके सांगितले आहे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबला किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्यास १४ दिवस. सहा मीटरपर्यंतच्या तुळईस १४ दिवस, त्याहून मोठ्या तुळईस २१ दिवस. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी मारावे, मिश्र सिमेंट असेल किंवा हवा कोरडी व उष्ण असेल तर १० दिवस. हे आकडे ज्याच्या हातून पाळले जायचे, त्या मुकादमाला किंवा पाणी मारणाऱ्या माणसाला ते त्याच्या भाषेत कोणी सांगितले? त्याला एवढेच सांगितलेले असते की, ‘पानी मारते रहो’ आणि ‘शटरिंग जल्दी खोलो, ऊपर चाहिए’.

पाण्याचीच गोष्ट पाहा. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेस उघड्या असणाऱ्या सळईबंद काँक्रीटमध्ये पाणी आणि सिमेंट यांचे प्रमाण ०.४५ च्या वर जाऊ नये, असे हेच मानक सांगते. म्हणजे ५० किलोच्या एका गोणीस साडेबावीस लिटर. माल घट्ट आला की पसरताना हात दुखतात. पाण्याची एक बादली जास्त ओतली की तो सहज पसरतो. कामगाराच्या दृष्टीने ही हुशारी आहे. त्या एका बादलीमुळे काँक्रीट सच्छिद्र होते, खारी हवा सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजून फुगते आणि काही वर्षांनी छताचे पोपडे खाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर पडतात, हे त्याला कोणी त्याला समजेल अशा चार वाक्यांत सांगितले असते, तर त्याने ती बादली ओतली असती काय? आपण त्याला ‘वॉटर सिमेंट रेशो मेंटेन करो’ असे सांगतो आणि नंतर त्यालाच अडाणी ठरवतो.

सगळा दोष इंग्रजीच्या माथी मारून मोकळे होणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे एका आलिशान हॉटेलातील टांगते पादचारी मार्ग कोसळले आणि ११४ माणसे मरण पावली. छतापासून दोन्ही मार्गांतून जाणारी एकच सलग सळई मूळ नकाशात होती. पोलादी काम करणाऱ्यांच्या सोयीसाठी तिच्या जागी दोन स्वतंत्र सळया आल्या. त्यामुळे वरच्या मार्गाच्या जोडावर दुप्पट भार आला. नकाशांवर अभियंत्यांचा शिक्का होता, पण हिशेब कोणी पुन्हा मांडला नव्हता. तेथे सर्वांची भाषा एकच होती. तरीही एकाने विचारले नाही आणि दुसऱ्याने सांगितले नाही. बोध असा की, भाषा एक असणे पुरेसे नाही. विचारण्याचा हक्क आणि उत्तर देण्याचे बंधन व्यवस्थेत असावे लागते. मग जेथे भाषाही एक नाही आणि विचारण्याचा हक्कही नाही, तेथील धोक्याची कल्पनाच केलेली बरी.

‘ए’ आणि ‘अहो’

भाषेचा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नसतो, तो संबोधनाचाही असतो. मराठीला ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशी आदराची चढती भाजणी लाभली आहे. बांधकामावर तिचा उपयोग कसा होतो? पंचवीस वर्षांचा इंजिनिअर पंचावन्न वर्षांच्या गवंड्याला ‘ए’ म्हणून हाक मारतो. त्याच्या आईच्या वयाच्या बाईला ‘ए बाई’ म्हणतो. त्याला स्वतःला मात्र सगळ्यांनी ‘साहेब’ म्हटलेले हवे असते. आणि साइटवर तरुण अभियंता मुलगी आली, की हाच मुकादम तिने दिलेली सूचना तिच्या हाताखालच्या मुलाकडून पुन्हा खात्री करून घेतो. अपमानाची उतरंडही अशी वरून खाली झिरपत जाते.

ज्याला ‘ए’ म्हटले जाते, तो धोका दिसला तरी सांगत नाही. कारण सांगण्यासाठी आधी आपण माणूस म्हणून गणले जातो, असा विश्वास लागतो. संघाच्या शाखेत लहानमोठा, गरीब-श्रीमंत असा भेद न करता नावापुढे ‘जी’ लावून हाक मारण्याची रीत आहे. ही रीत शाखेच्या मैदानापुरती राहिली, तर तिचा अर्थ अपुरा राहतो. बांधकाम क्षेत्रात आज अनेक स्वयंसेवक अभियंते, कंत्राटदार आणि वास्तुविशारद आहेत. त्यांच्या साइटवर गवंड्याला ‘काका’ आणि बिगारी बाईला ‘मावशी’ म्हटले जाते काय, हीच समरसतेची खरी कसोटी आहे.

आक्षेप आणि उत्तर

यावर काही आक्षेप येतील. तंत्रज्ञान जागतिक आहे, इंग्रजीवाचून चालणार कसे? शिवाय एकाच साइटवर सहा भाषा असताना मराठीचा आग्रह हा प्रांतवाद नव्हे काय? आणि परिभाषा कोशांतील जड शब्द कोणी उच्चारायचे?

या आक्षेपांत तथ्य आहे, पण ते येथे लागू पडत नाहीत. इंग्रजी हद्दपार करावी, असे कोणी म्हणत नाही. जगाशी व्यवहार करायचा तर ती उत्तम यावी. आक्षेप आहे तो इंग्रजीचा कुंपणासारखा वापर करण्याला. ‘सिमेंट’ आणि ‘स्लॅब’ हे शब्द मराठीने कधीच पचवले आहेत. अडचण नामांची नसून वाक्याची आहे. ‘का’ आणि ‘कशासाठी’ हे सांगणारे वाक्य आपल्या भाषेत नसते. प्रांतवादाचे म्हणाल, तर भारतातील सर्वच भाषा राष्ट्रीय भाषा आहेत, ही श्रीगुरुजींची भूमिका होती. रा. स्व. संघाच्या अखिल भारतीय प्रतिनिधी सभेने मार्च २०१८ मध्ये नागपूर येथे भारतीय भाषांच्या संरक्षण-संवर्धनाचा ठराव केला, तोही याच भावनेने. साइटवर मराठी अभियंत्याचा मान जपायचा, त्याच न्यायाने तेलुगू बिगाऱ्याला तेलुगूत आणि बंगाली सळईवाल्याला बंगालीत समजावून सांगायचे. महाराष्ट्रात आलेल्या कामगाराला कामापुरती मराठी आपुलकीने शिकवणे हाही याच कर्तव्याचा भाग आहे. परप्रांतीय म्हणून त्याच्यावर गुरगुरणे याला भाषाप्रेम म्हणत नाहीत.

स्वभाषेचा राज्यकारभाराशी असलेला संबंध शिवछत्रपतींनी ओळखला होता. रघुनाथपंत हणमंते यांच्या नावाशी जोडलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’चे दहा वर्ग आहेत आणि त्यांत ‘दुर्गवर्ग’ स्वतंत्र आहे. ज्या राजाने किल्ले बांधले, त्याने किल्ल्यांचे शब्दही बांधून घेतले. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव आजही वाचता येते. बांधणाऱ्याच्या नावाला जागा होती, आणि ती देवाच्या दारात होती. आपल्या गृहसंकुलांच्या फलकांवर विकासक, वास्तुविशारद आणि सल्लागार यांची नावे असतात. गवंड्याचे नाव शोधून सापडत नाही.

ही परंपरा केवळ इतिहासात नाही. अयोध्येतील श्रीरामजन्मभूमी मंदिरात २२ जानेवारी २०२४ रोजी प्राणप्रतिष्ठा झाली. त्या मंदिराचा आराखडा चंद्रकांत सोमपुरा यांच्या पिढीजात स्थपती घराण्याचा, बांधकाम लार्सन अँड टुब्रो या कंपनीचे, आणि संरचनेच्या कामात रुडकीच्याच केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेचा सहभाग. एका बाजूला जगती, मंडोवर, शिखर ही शिल्पशास्त्राची भाषा, दुसऱ्या बाजूला संगणकावर मांडलेला भूकंपाचा हिशेब. दोन्ही भाषांना एका कामात मान मिळाला, तेव्हा लोखंडाशिवाय उभे राहिलेले ते पाषाणमंदिर साकार झाले. ज्या रुडकीत विद्येची आणि भाषेची फाळणी झाली होती, तेथील संस्थेचा या कामी हातभार लागावा, हा योग अर्थपूर्ण आहे.

करण्यासारखे पुष्कळ आहे

वातावरण आता अनुकूल आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह अनेक भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास वाट मोकळी केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. परंतु अभिजात भाषा साइटच्या फाटकाबाहेर ताटकळत उभी असेल, तर त्या दर्जाचा उपयोग काय?

करायच्या गोष्टी साध्या आहेत. रोज सकाळी हजेरीनंतर दहा मिनिटे त्या दिवसाचे काम आणि त्यातील धोका कामगारांच्या भाषेत सांगावा, आणि त्यांतील एकाकडून तो परत वदवून घ्यावा. ज्याला परत सांगता आले, त्यालाच ते समजले. स्लॅब, परांची, खोदकाम आणि वीज या चार कामांचे नियम एकेका पानावर मराठी, हिंदी आणि कामगारांच्या भाषांत चित्रांसह लावावेत. कामगारांसाठीच्या सूचना बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या स्थानिक भाषेतही लावाव्यात, अशी तरतूद कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांत होती. ती फलकावर उतरली नाही, हा दोष कायद्याचा नव्हे. आढावा बैठकीत पहिली पंधरा मिनिटे साइट इंजिनिअरने मराठीत बोलावे आणि इतरांनी ऐकावे. उपकंत्राटदाराबरोबरच्या कराराला हक्क, मुदती आणि सूचनांचे दिवस सांगणारा दोन पानी मराठी सारांश जोडावा. कंत्राटदारांच्या संघटनांनी आपल्या सदस्यांसाठी पत्रलेखनाचे वर्ग घ्यावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, धोका दिसल्यास कोणत्याही कामगाराला काम थांबवण्यासाठी हाक देता यावी, आणि त्या हाकेबद्दल त्याची हजेरी कापली जाऊ नये.

दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. त्या संघटनेने विश्वकर्मा जयंतीला राष्ट्रीय श्रमिक दिन मानले. दर १७ सप्टेंबरला देशभरच्या बांधकामांवर थापी, करणी, गुण्या आणि ओळंबा यांची पूजा होते. अवजारांना हळदकुंकू लागते, हे योग्यच आहे. पण ज्या हातांत ती अवजारे असतात, त्या हातांच्या मालकाला त्या दिवशी तरी कोणी विचारते काय, की ‘काका, या कामात तुम्हाला काय चुकतेय असे वाटते?’

हा एक प्रश्न आदराने आणि त्याच्या भाषेत विचारला गेला, तर विश्वकर्म्याची पूजा सफल होईल. इमारतीचा भार सळया आणि काँक्रीट पेलतात. त्या सळया आणि ते काँक्रीट खरे आहे की नाही, याची पहिली साक्ष मात्र गवंड्याच्या जिभेवर असते. ती जीभ मोकळी करणे हे आज बांधकाम क्षेत्रातील प्रत्येक सुशिक्षित माणसाचे कर्तव्य आहे.